सहा छबींची पट्टी

एकदा एक शिष्या आपल्या गुरूंच्या गैरहजेरीत मोठ्या पेचात सापडली.

कोल्हापूरच्या पुढे, घाट लागण्याआधी बाजारपेठेचे एक गाव आहे. तिथे रेवणकर मास्तर राहत. शाळेत त्यांनी कधी शिकवले नव्हते. पण अंधाऱ्या खोलीत फिल्म धुण्याचे आणि फोटो छापण्याचे काम त्या भागात ज्यांनी ज्यांनी केले, ते सारे त्यांच्या हाताखालून गेलेले, म्हणून ते मास्तर. फिल्मचे दिवस संपले तेव्हा इतरांनी आपले सामान मोडीत घातले. मास्तरांनी उलट केले. बंद पडलेल्या एका छापखान्यातून त्यांनी एक जुना फिल्म स्कॅनर उचलून आणला. फिल्म त्यात सरकवली की तो तिच्यावरून सावकाश उजेड फिरवी आणि शेजारच्या संगणकाच्या पडद्यावर फोटो उमटे. स्कॅनर जुना, म्हणून त्याला जोडलेला संगणकही जुना, आणि दोघांना जोडणारी तार अंगठ्याएवढी जाड, पन्नास पिनांची. नव्या संगणकांना तो स्कॅनर ओळखूच येत नसे.

या मास्तरांकडे हेमांगी शिकायला आली तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती. संगणकाचे शिक्षण झालेले, पुण्यातली नोकरी मनातून उतरलेली. फिल्म कशी हाताळावी, धूळ कशी उडवावी, फार दाट, काळवंडून गेलेल्या फिल्ममधून चेहरा कसा वाचावा, हे आठ महिन्यांत ती चांगले शिकली. संगणकाबाबत मात्र मास्तरांनी आपल्याला काही शिकवावे असे तिला वाटत नसे, आणि मास्तरही शिकवत नसत. ते पहाटेच उठून यंत्रे चालू करीत. हेमांगी दहाला येई तेव्हा सगळे तयार असे.

एका शुक्रवारी मास्तरांच्या बहिणीची तब्येत बिघडल्याचा निरोप आला आणि ते कोकणात उतरले. तिथे डोंगराच्या कुशीत त्यांचा फोन लागत नव्हता. त्याच दिवशी आळीतला ट्रान्सफॉर्मर जळाला. शनिवारी सकाळी वीज आली. हेमांगीने दार उघडले, एक्स्टेंशन बोर्डाचे बटण दाबले, दोन्ही यंत्रांना वीज मिळाली. काही वेळाने पडद्यावर पाटी झळकली : स्कॅनर सापडला नाही.

ती त्या पाटीकडे बघत असतानाच पायरीशी रिक्षा थांबली. सत्तरी उलटलेले एक गृहस्थ उतरले. त्यांनी आधी आपल्या पत्नीचा हात धरला, तिचे पाऊल पायरीवर नीट पडले की नाही ते वाकून पाहिले, आणि मगच मान वर केली. गुळाचे जुने व्यापारी रावसाहेब चौगुले आणि त्यांच्या पत्नी पद्माक्का, अशी ओळख त्यांनी सांगितली. पद्माक्का ओट्यावरच टेकल्या. "तुम्ही जावा आत. मी हितंच बसतो," त्या भागातल्या बायका बोलतात तशा त्या म्हणाल्या.

रावसाहेबांनी खणाच्या कापडात गुंडाळलेली फिल्मची एक पट्टी टेबलावर ठेवली. तिच्यावर सहा चौकोन होते. हेमांगीने ती उजेडाकडे धरली. फिल्मवर काळे ते पांढरे आणि पांढरे ते काळे दिसते; काळ्याशार चेहऱ्याचे, पांढऱ्या केसांचे एक लहान मूल सहापैकी पाच चौकोनांत होते.

"आमची मुलगी," रावसाहेब हळू आवाजात म्हणाले. "पाच वर्षांची असताना गेली. चाळीस वर्षं झाली. मित्राचा कॅमेरा आणून मीच काढले होते. ती गेल्यावर घरातले सगळे फोटो मी नदीत सोडले. मला बघवत नव्हतं. तिच्या आईला विचारलंही नाही. एवढी एक पट्टी तिनं खणाच्या घडीत लपवून ठेवली होती, ती मला गेल्या महिन्यात कळली."

"गेल्या महिन्यात कशी?"

"काचबिंदू आहे तिला. एक डोळा गेलाच. दुसऱ्याचं ऑपरेशन सोमवारी सकाळी आहे. आहे ती नजर राहील की तीही जाईल, डॉक्टर सांगत नाहीत. तेव्हा तिनं पट्टी काढली आणि माझ्यापुढे ठेवली. काही बोलली नाही. मीही काही बोललो नाही."

हेमांगी पाण्याचा तांब्या घेऊन ओट्यावर गेली. पद्माक्कांनी पाणी घेतले आणि आपणहून म्हणाल्या, "पोरी, त्या फिल्ममधी केस पांढरे दिसत्यात, बघितलंस न्हवं? दुपारी घरात कुणी नसलं की मी ती खिडकीशी धरून बघायचो. चाळीस वर्सं मी माझ्या लेकीला म्हातारी बघत आलो. एकदा काळ्या केसाची बघू दे. मग डोळं गेलं तरी चालंल."

हेमांगीने त्या क्षणी शब्द दिला. "आजी, संध्याकाळपर्यंत दाखवते."

शब्द देणे सोपे होते. तिने तार काढून पुन्हा बसवली. पिना पुसल्या. स्कॅनर बंद करून चालू केला, तरी पडद्यावर तीच पाटी. मग बोर्डाचे बटणच बंद करून दोन्ही यंत्रे एकदम पहिल्यापासून चालू केली. पाटी हलली नाही. दुपारपर्यंत तिने संगणकातले सगळे सॉफ्टवेअर दोनदा पुसून नव्याने घातले, आणि दर वेळी बोर्डाच्याच बटणाने दोन्ही यंत्रे एकदम चालू केली. मग मोबाईलने फिल्मचा फोटो काढून रंग उलटे करून पाहिले; पण फिल्म इतकी दाट झाली होती की चेहऱ्याच्या जागी नुसता राखाडी ढग आला. तो ढग तिने आजींना दाखवला नाही. बाजारातल्या दुरुस्तीवाल्याला बोलावले, तर त्याने दारातूनच यंत्राकडे पाहिले आणि म्हणाला, "मॅडम, हे भंगारवाल्याचं काम, माझं नव्हे."

संध्याकाळी तिने रावसाहेबांना सांगितले, "उद्या या." आणि त्यांच्या नजरेला नजर दिली नाही.

"येऊ की," ते म्हणाले. "भाच्याच्या घरी राहिलोय. उद्याचा दिवस आहे अजून." मग ओट्यावर जाऊन त्यांनी पत्नीच्या चपला तिच्या पावलांसमोर सरळ करून ठेवल्या.

रविवारी सकाळी दोघे पुन्हा आले. पद्माक्का पुन्हा ओट्यावरच बसल्या, रावसाहेब आत. अधूनमधून ते बाहेर जाऊन त्यांना विचारत, ऊन लागतंय का, गोळी घेतलीस का. त्या उत्तर देत, आणि यांचीही गोळी पिशवीतून काढून यांच्या तळव्यावर ठेवत. एकमेकांची इतकी काळजी घेणारी माणसे हेमांगीने क्वचित पाहिली होती. आणि दीड दिवसात त्या दोघांच्या तोंडून, एकमेकांशी बोलताना, मुलीचे नाव एकदाही निघालेले तिने ऐकले नव्हते.

अकरा वाजले, बारा वाजले. हेमांगीने एका ओळखीच्याकडून दुसरी तार मागवून लावून पाहिली. मग आधीचे न पुसता त्यावरच तिसऱ्यांदा सॉफ्टवेअर घालायला घेतले. पडद्यावरची निळी पट्टी मुंगीच्या पावलाने पुढे सरकत होती, आणि तिचे डोळे भरून आले होते. स्कॅनर मेला असेल तर? मास्तर येतील तेव्हा येतील, पण सोमवार काही थांबणार नव्हता.

साडेबाराच्या सुमारास खांद्याला पिशवी लावलेले मास्तर दारात उभे राहिले. बहिणीचा ताप उतरला होता. ओट्यावरच्या बाईंना नमस्कार करून ते आत आले. हेमांगीने एका दमात सगळे सांगितले : ती पट्टी, ती मुलगी, सोमवारचे ऑपरेशन, दोन तारा, तीन वेळा घातलेले सॉफ्टवेअर. शेवटी ती म्हणाली, "मास्तर, मी सगळं करून बघितलं हो. आता एवढं पूर्ण होऊ दे, बहुतेक याने चालेल."

मास्तरांनी पिशवी खुंटीला अडकवली. वाकून तार चाचपली, तिची दोन्ही टोके अंगठ्याने दाबली. मग निळी पट्टी अर्ध्याच्या पुढे गेलेली असताना त्यांनी हात लांब केला आणि संगणक बंद करून टाकला.

हेमांगी ओरडलीच. "मास्तर! हे काय केलंत? पाऊण तास गेला होता त्यात!"

मास्तरांनी स्कॅनरही बंद केला. घोटभर पाणी प्यायले. मग एकट्या स्कॅनरचे बटण दाबले. आत कुठेतरी घरघर सुरू झाली, समोरचा हिरवा दिवा लुकलुकू लागला. संगणकाला त्यांनी हात लावला नाही. उलट खुर्ची ओढून त्याच्याकडे पाठ करून बसले.

"चहा ठेव," ते म्हणाले. "आणि वहिनींना आत बोलाव. बाहेर ऊन चढलंय."

हेमांगीने चहाचे आधण ठेवले. वय झाले, आता यांना काही सुचत नाही, असा एक वाईट विचार तिच्या मनात येऊन गेला आणि त्याची तिला लाजही वाटली. ती ओट्यावर गेली, पद्माक्कांचा हात धरून त्यांना आत घेऊन आली. पाहुण्यांना बसायला खोलीत एकच बाक होता. त्या रावसाहेबांच्या शेजारी टेकल्या.

सगळे चहा पिऊ लागले. हिरवा दिवा लुकलुकतच होता. अखेर हेमांगीला राहवेना. "मास्तर, आपण कशाची वाट बघतोय?"

"तो जागा होण्याची," मास्तर स्कॅनरकडे बोट दाखवून म्हणाले. "हेमांगी, यात बिघाड कुठेच नाही. तार चांगली आहे. संगणक चांगला आहे, स्कॅनरही चांगला आहे. पण हा जुन्या काळचा संगणक आहे. चालू होताना तो एकदाच हाक मारतो, 'कोण कोण आहे?' त्या क्षणी जो 'मी आहे' म्हणेल त्याला तो ओळखतो. पुन्हा विचारत नाही. आणि या स्कॅनरचं वय झालंय. त्याचा दिवा तापायला, त्याला भानावर यायला चार-पाच मिनिटं लागतात. तू दोघांना एकदमच उठवत होतीस. संगणकाची हाक मारून व्हायची तेव्हा स्कॅनर अजून झोपेत. तो पूर्ण जागा व्हायचा तेव्हा हा विचारायचा थांबलेला. मग दोघंही दिवसभर शेजारी शेजारी चालू. मध्ये चांगली तार. आणि बोलणं नाही."

"मग उपाय?"

"उपाय एवढाच, की स्कॅनर जागा झालाय याची आधी खात्री करायची. आणि मग संगणकाला पुन्हा एकदा विचारायला लावायचं." मास्तरांनी कप खाली ठेवला. "चूक तुझी नाही, पोरी. मी रोज पहाटे हे करून ठेवत होतो आणि तुला कधी बोललो नाही. जे रोज नीट होतं, ते कसं होतं हे सांगायचं राहूनच जातं."

मास्तर यंत्राबद्दलच बोलत होते. त्यांच्या मनात दुसरे काही असावे असे त्यांच्या चेहऱ्यावर दिसले नाही. पण बाकावर चहाचा कप वाजला. रावसाहेबांनी कप बाजूला ठेवला.

"पद्मा," ते म्हणाले.

चारचौघांत त्यांनी पत्नीला नावाने हाक मारावी, असे कधी झाले नसावे. पद्माक्कांनी चमकून आवाजाच्या दिशेने मान वळवली.

"पहिली दोन-तीन वर्षं तू मला विचारायचीस. जेवताना, दिवा लावताना. मी ताटावरून उठून गुऱ्हाळाकडे जायचो."

"व्हय," पद्माक्का म्हणाल्या. "मग मी सोडून दिलं. म्हटलं, ह्यांस्नी तरास हुतोय."

"त्रासच व्हायचा. मला तेव्हा तोंडच उघडता यायचं नाही. पुढं सात-आठ वर्षांनी यायला लागलं. गुऱ्हाळावर एकटा असलो की मी तिच्याशी बोलायचो. घरी यायचो तेव्हा वाटायचं, आज ही विचारेल. आणि तू विचारायची बंद झाली होतीस. आपण होऊन बोलायचं धाडस मला झालं नाही. मी फोटो टाकले होते ना." ते तिच्याकडे वळले. "आता एकदा परत विचार मला."

हेमांगीला वाटले, आपण उठून बाहेर जावे. पण हालचाल केली तर काहीतरी मोडेल अशा भीतीने ती जागच्या जागी राहिली. मास्तर मान खाली घालून आपल्या हाताच्या नखांकडे पाहत होते.

कितीतरी वर्षांत न उच्चारलेला प्रश्न होता तो. पद्माक्कांनी पदराने ओठ पुसले.

"आवो," त्या म्हणाल्या, "नंदूची आठवण येती का वो तुम्हाला?"

"रोज," रावसाहेब म्हणाले. "रोज येते."

पद्माक्कांनी बाकावर हात चाचपत नेला. रावसाहेबांनी तो आपल्या दोन्ही हातांत घेतला. दोघेही रडले, पण फार आवाज न करता, म्हातारी माणसे रडतात तसे. हिरवा दिवा केव्हा लुकलुकायचा थांबून स्थिर झाला, ते कुणी पाहिले नाही. मास्तरांनीही घाई केली नाही. बऱ्याच वेळाने ते हेमांगीला म्हणाले, "आता तो चालू कर."

हेमांगीने संगणकाचे बटण दाबले. या वेळी पाटी आली नाही. स्कॅनरच्या पोटातून खट् असा आवाज झाला आणि पडद्यावर त्याचे नाव उमटले. तिने पट्टी अलगद उचलली, ब्रशने धूळ उडवली, खाचेत सरकवली. उजेड फिल्मवरून हळूहळू फिरू लागला. वरच्या बाजूने एकेक रेघ उतरत गेली. आधी घराची कौले दिसली. मग काळेभोर, तेल लावून चप्प बसवलेले केस. दोन वेण्या. मग कपाळ, आणि हसू दाबून धरलेला, फुगलेल्या गालांचा चेहरा.

पद्माक्का उठून पडद्याच्या इतक्या जवळ गेल्या की त्यांचा श्वास काचेवर उमटला. हेमांगीने फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. त्या एकाच डोळ्याने, मान तिरकी करून, तुकड्या-तुकड्याने लेकीला पाहत होत्या : कान, हनुवटी, कपाळावरचे तीट.

"तोंडात काय हाय गं हिच्या?"

"गूळ," रावसाहेब मागून म्हणाले. "ढेप फोडताना मोठा खडा पळवला होता. फोटो काढतोय म्हटल्यावर तोंड मिटून उभी राहिली."

दुसऱ्या फोटोत नंदू बैलगाडीच्या जूवर बसली होती. तिसऱ्यात आईच्या कडेवर, चौथ्यात पाठमोरी. पाचव्यात ती हललेली होती, तरी हसताना पडलेला दात दिसत होता. हेमांगीने सहावा चौकोन यंत्राकडे दिला. या चौकोनात मूल नव्हते, म्हणून तिने त्याकडे नीट पाहिलेही नव्हते.

फोटो वाकडा होता. जमीन एका बाजूला कललेली. अंगणात एक तरुण पुरुष आणि एक तरुण बाई उकिडवी बसलेली. त्याच्या कपाळाचा वरचा भाग कापला गेलेला. दोघे कॅमेऱ्याकडे हात पुढे करून काहीतरी सांगत होते आणि सांगता सांगता खळखळून हसत होते. बाईचा पदर खांद्यावर आला होता, आणि हसू आवरण्यासाठी तिने नवऱ्याचा दंड धरला होता.

"हा कुणी काढला?" मास्तरांनी विचारले.

रावसाहेब पडद्यापाशी आले. "नंदूनं," ते म्हणाले. "माझ्या हातातून कॅमेरा ओढून घेतला होता. आम्ही दोघं ओरडत होतो, अगं पाडशील, अगं पाडशील."

"मी कशी दिसतोय?" पद्माक्कांनी विचारले. एवढ्या बारीक फोटोत त्यांना आता नीट दिसत नव्हते.

"हसतीयेस," रावसाहेब म्हणाले. "तू पण, मी पण. तिनं आपल्याला असं बघितलं होतं, पद्मा."

सोमवारचे ऑपरेशन झाले. नजर काही महिने टिकली आणि नंतर तीही मावळली.

सहा फोटो मोठे छापून, फ्रेम करून हेमांगीनेच ते चौगुल्यांच्या घरी पोचवले होते. वर्षभराने त्या बाजूला दुसरे काम निघाले म्हणून ती पुन्हा गेली. दार उघडेच होते. पुढच्या सोप्यात दोघे पाटावर बसले होते, समोरच्या भिंतीवर ओळीने फोटो. हेमांगी उंबऱ्याशी थांबली, कारण आत बोलणे चालू होते.

"जूवरचा फोटो सांगा," पद्माक्का म्हणत होत्या. "अंगात काय हाय तिच्या?"

"झगा. पिवळा."

"फोटो तर काळा-पांढरा हाय की वो. पिवळा कुठनं दिसला तुम्हाला?"

"दिसत नाही. मला आठवतोय."

आंधळ्या डोळ्यांवरच्या पापण्या मिटून पद्माक्कांनी आठवून पाहिले.

"पिवळा न्हवं," त्या म्हणाल्या. "पिकल्या आंब्यासारखा. माझ्या लुगड्याचा शिवला हुता."

"तसाच," रावसाहेब म्हणाले. "पिकल्या आंब्यासारखा. बरोबर आहे. आता पुढचं विचार."

हेमांगी आत गेली नाही. उंबऱ्याशेजारी भिंतीला टेकून, पुढचा प्रश्न आणि त्याचे उत्तर ऐकत ती तशीच बसून राहिली.